सलोमाची राय

माझी भावजय सलोमा भित्री आहे. नणंद म्हणून खोडी काढत नाहीये, हे आमच्या अख्ख्या मंडळीला, म्हणजे जुन्या चालीनं, विजेशिवाय राहणाऱ्या आम्हा आमिश ख्रिस्ती लोकांना, ठाऊक आहे. ढग गडगडले की ही पाव भट्टीत तसाच टाकून तळघरात जाऊन बसते. घोडीच्या मागून जायची वेळ आली तर सगळ्या तबेल्याला वळसा घालते. रविवारी प्रार्थनेत आमच्या म्हाताऱ्या बिशपांना जोराचा खोकला आला की हिच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं, आता हे जाणार आणि पुढचा कसला येतोय देव जाणे!

माझा धाकटा भाऊ ओबेड हा तिचा नवरा. लहानपणी तापात त्याचे कान गेले. बोलता येत होतं, पण शाळेत पोरं त्याच्या आवाजाला हसली, आणि त्यानं तोंड जे मिटलं ते मिटलंच. तेव्हापासून आमच्या घरात हातांनी बोलतात, आणि प्रत्येकाला हाताचं एक नाव आहे. माझं नाव म्हणजे कमरेवर मूठ. का, ते विचारू नका. सलोमाचं नाव म्हणजे हात छातीशी धरून थरथर हलवायचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ओबेडनं ते ठेवलं. दुसरी एखादी रुसली असती. हिनं मान डोलावली आणि म्हणाली, "बरोबरच आहे की."

ओबेडला मात्र भीती कशाची ती माहीतच नव्हती. छपराच्या टोकावर एका पायावर उभा राहून पत्रे ठोकायचा. सलोमा खाली डोळ्यांवर पदर, म्हणजे एप्रन, घेऊन उभी. हा वरून हसायचा.

तिच्या एका भीतीची थट्टा मात्र मी कधी केली नाही. तिला उघडी जमीन बघवत नाही. तिचं माहेर टेकडीच्या पायथ्याशी. वडिलांनी एका वर्षी थंडीच्या तोंडावर टेकडी नांगरून ठेवली आणि हिवाळाभर ती तशीच उघडी राहिली. पुढं बर्फ वितळायला आणि मोठा पाऊस यायला एकच गाठ पडली. टेकडी चिखल होऊन खाली आली. दूध थंड करायच्या दगडी खोलीत तिची मोठी बहीण लेया बरण्या धूत होती. सलोमा दारात उभी होती. "वन्सं, फार आवाजसुद्धा झाला नाही," एवढंच ती मला एकदा म्हणाली. त्यापुढं ती सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

म्हणून लग्नाच्या गाडीतून हिनं काय आणलं असेल? आमच्या आमिश मुली गोधड्या आणतात, काचेची भांडी आणतात. हिनं त्यांच्यासोबत रायच्या बियाण्याची पोती आणली. राय म्हणजे गव्हाच्या नात्यातलंच धान्य, पण अंगानं काटक. दुसरं काही डोकं वर काढणार नाही अशा गारठ्यात ती उगवते आणि बर्फाखालीही हिरवी राहते. शेतातून मका निघाला की मागोमाग सलोमा राय फेकायला हजर. खायची नाही, विकायची नाही, नुसती जमीन झाकायची. बटाट्याच्या सरीत राय, घेवड्याच्या वाफ्यात राय, कोंबड्यांनी उकरलेल्या वीतभर तुकड्यातसुद्धा राय. पहिल्या वर्षी ओबेड पोट धरून हसला. ही जमिनीला पांघरूण घालते म्हणून त्यानं हातांनी सगळ्या पाहुण्यांना सांगितलं. पण दोन-तीन हिवाळे गेले आणि आमच्या उताराच्या शेतातली माती ओढ्यात जायची थांबली. मग त्यानं हसणं बंद केलं आणि पेरायला तोही जाऊ लागला.

पुढं त्यांनी भोपळ्याची युक्ती उचलली. मे सरत आला की राय माणसाच्या डोक्याइतकी उंच होते, फुलोऱ्यात येते, वारा आला की पिवळी धूळ उडते. त्याच वेळी तिच्यावरून धारेच्या पट्ट्यांचा जड रूळ फिरवायचा. ताटं जागोजाग मोडतात, आडवी पडतात आणि तिथंच वाळतात. त्या जाड गादीत भोक पाडून भोपळ्याचं बी टोचायचं. तण येत नाही, ओल टिकते, आणि भोपळे मातीत न लोळता गवतावर बसून वाढतात. शहरातले लोक स्वच्छ भोपळ्याला भुलतात. फक्त मोडायची वेळ चुकवायची नाही. लवकर मोडली तर राय पुन्हा उठते, आणि उशीर केला तर दाणा भरून गळतो आणि पुढची कितीतरी वर्षं तीच राय तण म्हणून छळते.

त्या वर्षी नेमकी फुलोऱ्याच्या आठवड्यात घोडी लंगडी झाली. खुरात पू. एकट्या घोड्याला रूळ ओढवेना. ओढ्यापलीकडच्या ड्वाइटकडं पुढं रूळ लावलेला ट्रॅक्टर होता. ड्वाइट इंग्रज. म्हणजे आमच्यातला नाही. बाहेरच्या सगळ्यांना आम्ही इंग्रजच म्हणतो. ट्रॅक्टर बाळगायला आमच्या मंडळीत मनाई आहे, पण अडल्या वेळी शेजाऱ्याचा बोलवायला चालतो. असं का, ते बिशपांना विचारा, मला नको.

सलोमा लगेच माझ्यामागं लागली.

"वन्सं, त्याला वरून रायच्या आतलं काही दिसणार नाही."

"आत काय दिसायचंय? राय आहे आत."

"मधोमध बीळ आहे, घुशीसारख्या त्या ग्राउंडहॉगचं. केवढं उकरून ठेवलंय मेल्यानं. चाक गेलं आणि ट्रॅक्टर उलटला तर?"

"बिळानं ट्रॅक्टर उलटतो होय?"

"मागं तिकडच्या खोऱ्यात उलटला होता."

"अगं, तो प्यायलेला होता!"

"मग? ड्वाइट पीत नाही कशावरून?"

आता काय बोलायचं या बाईशी! शेवटी ओबेडनंच मिटवलं. यंत्र यायच्या आधी मी फावडं घेऊन आत जातो आणि बीळ बुजवून टाकतो, असं त्यानं तिला सांगितलं.

आता वेळेचं ऐका, कारण सगळा घोटाळा तिथं झाला. वसंतात इंग्रज लोक आपली घड्याळं तासभर पुढं ढकलतात. आम्ही ढकलत नाही. सूर्य काय सरकारचा नोकर आहे? त्यामुळं उन्हाळाभर या खोऱ्यात दोन वेळा नांदतात, त्यांची आणि आमची. इतकी वर्षं शेजार झाल्यावर भली माणसं समोरच्याच्या वेळेत बोलायला शिकतात. ड्वाइट कुंपणापाशी आला आणि त्यानं ओबेडला सात बोटं दाखवली. त्याच्या मनात आमचे सात. ओबेडनं मान डोलावली. त्याच्या मनात ड्वाइटचे सात, म्हणजे आमचे सहा. दोघांनी एकमेकांचा मान ठेवला आणि दोघांनीही विचारलं नाही. हे आम्हाला कळलं ते सगळं होऊन गेल्यावर.

सोमवार होता, धुण्याचा दिवस. माझ्या धुण्याच्या यंत्राचं इंजिन बसलं होतं, म्हणून चादरींचं गाठोडं घेऊन मी सलोमाकडं गेले. तिचं पेट्रोलचं इंजिन व्हरांड्यात धडधडत होतं. मला बघताच ती धावत आली.

"वन्सं, इंग्रज आला नाही. सहाला यायचा होता."

"मग येईल. नाहीतर उद्या येईल."

"ओबेडही आला नाही. कॉफी गार झाली. फावडं घेऊन रायमध्ये गेला तो मी बघितला. बाहेर येताना नाही बघितला."

"बसला असेल पलीकडच्या कुंपणावर. जाऊन बघ ना, कोण अडवतंय?"

"आत साप असतात," ती म्हणाली आणि चादर पिळायला लागली.

दर दोन चादरींनी ती अंगणाच्या कोपऱ्यावर जायची, टाचा उंचावून शेताकडं बघायची आणि परत यायची. राय तिच्या डोक्याच्याही वर गेलेली. वाऱ्यानं सगळी एकदम लवायची आणि एकदम उठायची. माणूस आहे की नाही, काही कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, अगं बाई, तुझ्या अशा बघण्यानं धुणं वाळणार नाही. पण खरं सांगते, तिसऱ्यांदा ती कोपऱ्यावरून परत आली तेव्हा मलाही जरा चुकल्यासारखं झालं. ओबेड कॉफी सोडणाऱ्यातला नव्हे.

मग पाणी बदलायला मी इंजिन बंद केलं. आणि ते बंद झालं तरी धडधड चालूच राहिली.

आधी मला उमजेना. वाटलं, कानातच राहिला आवाज. सलोमाला मात्र कळलं. तिनं शेताकडं तोंड वळवलं. ट्रॅक्टर कधीच आत शिरला होता. आमच्या इंजिनाच्या गोंगाटात आम्हाला पत्ताच नव्हता. खालच्या बाजूचे दोन पट्टे आडवे करून ड्वाइट वळत होता. समोर तो रूळ, त्याच्या धारा उन्हात चमकत होत्या, आणि पुढ्यातली राय खाली जात होती.

मला वाटलं, आता ही किंचाळणार, आता ही पडणार. आयुष्यभर याचीच तर तयारी केली होती तिनं. ती किंचाळली नाही. तिच्या हातातली ओली चादर खाली पडली. "त्याला ऐकू येत नाही," एवढंच ती म्हणाली, हळू, जणू मला माहीतच नव्हतं. आणि अंगण ओलांडून ती सरळ रायमध्ये घुसली. साप नाही, काही नाही.

मी फाटकाकडं धावले. धावले म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जेवढं धावू दिलं तेवढं. "थांब! अरे थांब, मेल्या!" ड्वाइटची पाठ माझ्याकडं, कानांवर आवाज अडवणारे ते मोठे गोळे. मी कुंपणाच्या खालच्या दांडीवर चढले. सलोमा जात होती तिथं राय हलत होती, एक रेघ पुढं पुढं सरकत होती, ती मला दिसत होती. मी त्या रेघेवरची नजर काढली नाही. आणि तेवढ्यात वारा आला. सगळं शेतच हलायला लागलं, आणि माझी भावजय मला दिसेनाशी झाली.

वारा थांबला तेव्हा रेघ नव्हती. ती कुठंतरी थांबली होती. ट्रॅक्टर वळून वरच्या बाजूला निघाला होता.

देवा, दोघंही आत आहेत! मी म्हटलं, देवा, दोघंही नको. एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, दुसरी प्रार्थना आठवेचना.

आणि ओढ्याच्या पायवाटेवरून ओबेड आला.

दोन्ही हात खिशात. फावडं नाही. गडी बीळ बुजवून कधीच पलीकडून बाहेर पडला होता. इंग्रज का येईना म्हणून पायवाटेनं ड्वाइटच्या घरी गेला होता, आणि तेवढ्यात ड्वाइट रस्त्यानं इकडं आला होता. चुकामूक. त्याला धडधाकट बघून माझ्या जिवात जीव आला, पण एक श्वास घेईपर्यंतच. कारण तो बाहेर होता आणि ती आत होती, आणि तो बाहेर आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती त्याला सोडून बाहेर येणार नव्हती.

"सलोमे! तो इकडं आहे! अगं, बाहेर ये!" इंजिनानं माझा शब्द न् शब्द गिळला.

ओबेडनं मला कुंपणावर चढलेली बघितलं आणि तो हसायला लागला. मग माझा चेहरा त्याला दिसला. मी हात छातीशी नेला. तो आधीच इतका थरथरत होता की तिचं नाव घ्यायला मला वेगळं काही करावं लागलं नाही. मग मी रायकडं बोट केलं.

माणसाचा चेहरा असा होतो हे मी तोवर बघितलं नव्हतं. तो धावला. आणि धावताना ओरडला. लहानपणी मिटलेलं तोंड त्यानं उघडलं आणि त्यातून तिचं नाव निघालं. धड नाही, मधली अक्षरं मोडकी, पण तिचंच. सगळ्या खोऱ्यानं ऐकलं असेल. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्या दोघांनीच, तिनं आणि ड्वाइटनं, ऐकलं नाही. तो आडव्या पडलेल्या ताटांवरून पडत-उठत वर गेला, हॅट काढून हलवत, आणि ट्रॅक्टरला आडवा जाऊन रुळाच्या पुढ्यात उभा राहिला.

ड्वाइटनं ट्रॅक्टर थांबवला.

इंजिन बंद झालं आणि मग आम्हाला दुसरा आवाज ऐकू आला. धप्. धप्. धप्. ओबेडच्या मागं, रायच्या आतून. मी कशीबशी तिथवर पोचले तोवर ओबेडनं दोन्ही हातांनी ताटं बाजूला केली होती. रुळापासून दोन-तीन हातांवर सलोमा गुडघ्यांवर बसली होती. ताज्या मातीनं बुजवलेलं ते बीळ, त्याच्याशेजारी ओबेड विसरून गेला ते फावडं, आणि त्या फावड्याच्या पाठीनं ती जमीन बडवत होती. घरात त्याला हाक मारायची तर आम्ही फरशीवर पाय आपटतो, त्याला तळपायांना कळतं. फावडं इथं आहे म्हणजे हाही इथंच कुठंतरी आहे, असं तिनं धरलं होतं. यंत्र अंगावर येत होतं, तिला दिसत होतं, जमीन हादरत होती, आणि ती जागची हलली नव्हती. डोक्यावरची टोपी कुठंतरी पडली होती, केसांत पिवळी धूळ.

तिनं वर बघितलं. ओबेड. मग ती उठली आणि तिनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली, परक्या पुरुषासमोर, उघड्या डोक्यानं. "कुठं गेला होतास? कुठं मेला होतास तू?" हात मारण्यात गुंतलेले, त्यामुळं त्याला काही समजत नव्हतं. तो नुसता उभा राहून मार खात होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

ड्वाइट खाली उतरला. तो तिथंच मोडलेल्या रायवर बसला. "मी सात म्हटलं होतं," तो मला म्हणाला. "तुमचे सात. ओबेडच्या वेळेनं सांगितलं होतं मी."

"आणि त्यानं तुझ्या वेळेनं ऐकलं!" मी म्हणाले. "एवढी वर्षं शेजारी राहता, एकदा तरी उद्धटपणानं विचारावं की रे, कुणाचे सात म्हणून! सभ्यपणा तुमचा! आत्ता इथं दोन माणसं गेली असती तुमच्या सभ्यपणापायी."

ड्वाइट चांगला माणूस आहे, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

सलोमानं टोपी शोधली, झटकली, घातली, आणि जाऊन पडलेली चादर पुन्हा धुतली. दुपारी ढग आले तर नेहमीसारखी तळघरात जाऊन बसली. मी म्हटलं, चला, हिचं आहे ते ठीक आहे.

बिघडलं ते ओबेडचं. त्यानं ड्वाइटला हाताच्या खुणेनंच घरी पाठवलं. अर्धंअधिक शेत उभं होतं, आठवडाभरात फुलोरा सरला असता, दाणा भरायला लागला असता. मी सांगितलं, अरे, आता सगळे आहेत डोळ्यांसमोर, बोलव त्याला परत. त्यानं नाही म्हणून मान हलवली. घोडीचा खूर बरा व्हायची वाट बघायलाही तयार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं भिंतीवरचा लांब दांड्याचा विळा उतरवला, धार लावली, आणि शेताच्या कडेपासून हातानं राय कापायला लागला. जिथं जमीन दिसत नाही तिथं पाऊल टाकायचं नाही, असा. आजूबाजूचे शेजारी गाड्या थांबवून बघून गेले. उभ्या शेताला हातानं कोण कापतं आता?

तो पुढं आणि कापलेल्या रायमध्ये कुदळीनं भोकं पाडून भोपळ्याचं बी टोचत सलोमा मागं. मी त्यांना ताक घेऊन गेले तेव्हा बघितलं. विळ्याचे चार हात मारले की तो थांबायचा आणि वळून मागं बघायचा. ती बी टोचायला वाकलेली असली आणि ताटांच्या ढिगाआड दिसली नाही, तर विळा खाली टाकून तसाच उभा राहायचा. छपरावर एका पायावर नाचणारा माझा भाऊ! कपाळावर घाम, आणि तो काही कामाचा घाम नव्हता. मग ती सरळ उभी राहायची, हात वर करायची आणि मोठ्यानं म्हणायची, "आहे मी. घाबरू नकोस."

"अगं, त्याला ऐकू कुठं येतंय?" मी म्हटलं. "आणि असं दर मिनिटाला उठत बसलीस तर भोपळे कधी लावणार तू?"

"लागतील, वन्सं," ती म्हणाली. "त्याला सवय नाही ना अजून. मला आहे."

ओबेडनं विळा उचलला, चार हात राय कापली आणि पुन्हा मागं बघितलं.